गाडी खाली घेतली, आता टायर का खाते?

भाच्यानं गेल्या दिवाळीत त्याची हॅचबॅक खाली घेतली. पुढं-मागं लोअरिंग स्प्रिंग टाकल्या, उंची साधारण ३५ मिलिमीटरनं उतरली. गाडी दिसायला झकास झाली, यात वाद नाही. चार महिन्यांनी त्याचा फोन आला, "मामा, गाडी टायर खायला लागलीय."

गाडी दारात आली तेव्हा बाहेरून टायर जवळजवळ नवा दिसत होता. स्टेअरिंग पूर्ण वळवून आतल्या कडेला हात घातला, तर तिथं बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा. नक्षी संपलेली. गाडी फिरली होती जेमतेम सात हजार किलोमीटर.

"अलाइनमेंट केली नव्हतीस?"

"केली की! स्प्रिंग बसवल्या त्याच दिवशी. रिपोर्ट आहे माझ्याकडं. टो हिरवा होता, फक्त कॅम्बर लाल. ते म्हणाले, कॅम्बरला ॲडजस्टमेंट नसते, सोडून द्या."

त्यामुळं भाच्यानं दोष कॅम्बरला दिला होता. सांगलीत शंभर फुटी रस्त्यावर चहाला उभं राहून चार जणांना विचारा, तिघं हेच सांगतील: गाडी खाली घेतली की कॅम्बर जातो आणि कॅम्बर टायर खातो. अर्धी गोष्ट बरोबर आहे. टायर खरं तर टो खातो, कॅम्बर फक्त कुठल्या कडेनं खायचं ते ठरवतो. हे नीट कळलं तर टायरचे पैसेही वाचतात आणि नको ते पार्ट घेण्याचेही.

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे तीन कोन जुळवणं: कॅम्बर, टो आणि कॅस्टर. आधी ही तीन नावं उलगडू. गाडीच्या समोर उभं राहून चाकं बघा. चाकाचा वरचा भाग इंजिनाकडं आत झुकलेला असेल तर तो निगेटिव्ह कॅम्बर, बाहेर झुकलेला असेल तर पॉझिटिव्ह. आता मनातल्या मनात गाडीच्या टपावरून खाली बघा. दोन्ही चाकांची पुढची टोकं एकमेकांकडं वळलेली असतील तर टो-इन, फेंगड्या माणसाच्या पावलांसारखी बाहेर फाकलेली असतील तर टो-आउट. तिसरा कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, मागं कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. मोटारीतही चाक वळण्याचा अक्ष तसाच मागं कललेला असतो. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मध्यावर येतं ते मुख्यतः या कलामुळं.

गाडी खाली घेतल्यावर हे तिन्ही का हलतात? आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट असतो. वर स्ट्रट, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग मिळून एकच खांब, खाली लोअर आर्म. लोअर आर्मचं आतलं टोक रबरी बुशमध्ये अडकवलेलं, बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट हा फिरता सांधा आणि चाक. म्हणजे आर्मचं बाहेरचं टोक सरळ रेषेत वर-खाली जात नाही, दाराच्या कडीसारखं गोलात फिरतं. कंपनीच्या उंचीला हा आर्म सहसा बाहेरच्या बाजूला खाली उतरता असतो. गाडी खाली बसली की तो आडवा होऊ लागतो, आणि आडवा होताना चाकाचा खालचा भाग थोडा बाहेर ढकलतो. वरचं टोक जागच्या जागी, खालचं बाहेर, म्हणून चाक आत झुकतं. ३०-३५ मिलिमीटरमध्ये हा फरक साधारण अर्धा ते एक अंश. गाडी इतकी खाली नेली की आर्म आडव्याच्याही पलीकडं, बाहेरच्या बाजूला वर चढला, तर हिशेब उलटतो. दणका बसला की कॅम्बर वाढायच्या ऐवजी कमी व्हायला लागतो आणि वळणावर गाडी उलट जास्त झुकल्यासारखी वागते. जितकी खाली तितकी चांगली, हे त्यामुळं दिसण्यापुरतंच खरं.

टोची गोष्ट याहून नाजूक. चाकाला दिशा देतो टाय रॉड, आणि त्याचाही स्वतःचा एक गोल असतो. लोअर आर्मचा गोल आणि टाय रॉडचा गोल कंपनीनं तिच्या उंचीसाठी एकमेकांशी जुळवलेले असतात. उंची बदलली की दोघं आपापल्या गोलाच्या वेगळ्या भागात जातात, आणि टाय रॉड चाकाची एक बाजू ओढतो किंवा ढकलतो. चाक आत वळेल की बाहेर फाकेल, हे स्टेअरिंगचा रॅक (दोन्ही टाय रॉड ढकलणारा दांडा) कुठं बसवलाय आणि रॉडचा उतार किती यावर ठरतं. भाच्याची बाहेर फाकली होती. दुसऱ्या एखाद्या गाडीत उलटंही होईल.

कॅस्टर सगळ्यात कमी हलतो, पण एका चुकीनं तो बिघडतो: फक्त पुढचं खाली घेणं. अडीच मीटर व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेल्या गाडीत पुढची बाजू ३० मिलिमीटर खाली आणि मागची तशीच ठेवली, तर अख्खी गाडी जवळजवळ पाऊण अंश नाकावर झुकते आणि कॅस्टर तेवढाच कमी होतो. मग हायवेवर शंभरच्या पुढं स्टेअरिंग हलकं, तरंगतं लागतं. यावर अलाइनमेंटवाल्याकडं फारसं औषध नाही. दोन्ही बाजू सारख्या उतरवणं हेच औषध.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखादा तंबोरा दुरुस्त होताना बघितला असेल, तर तिथं घोडीची उंची जरा बदलली तरी सगळ्या तारा नव्यानं लावाव्या लागतात, जवारी पुन्हा काढावी लागते. तंबोरा बिघडला असं कुणी म्हणत नाही. गाडीचंही तसंच. उंची बदलली म्हणजे भूमिती नवी झाली, आणि त्या उंचीला टायर वाचवणारे आकडे नव्यानं शोधायचे. अडचण अशी की मशीनला हे माहीत नसतं. मशीनमधला हिरवा पट्टा कंपनीच्या उंचीचा आहे. खाली घेतलेल्या गाडीचा कॅम्बर त्यात लाल येणारच, आणि तो लाल आहे म्हणून टायर जाईलच असंही नाही.

आता टो टायर कसा खातो, त्याचा हिशेब करू. १६ इंची रिम म्हणजे साधारण ४०० मिलिमीटर. एका चाकाच्या रिमची पुढची कड मागच्या कडेपेक्षा ३ मिलिमीटर बाहेर असेल, तर ते चाक ४०० मागं ३ या प्रमाणात तिरकं चाललंय. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला साडेसात मीटर आडवं. रबर दबतं, ताणतं, पण शेवटी तेवढं अंतर ते डांबरावर घासूनच भरून काढतं. सांगली ते पुणे साधारण २३० किलोमीटर धरा: तो टायर पुण्याला पोचेपर्यंत पावणेदोन किलोमीटर आडवा ओढला गेला. खोडरबर ओढावं तसा. बैलजोडीतले दोन्ही बैल आपापल्या बांधाकडं ओढत असतील तर औत सरळ जातं खरं, पण जू दोघांच्याही मानेला काचतं. टो-आउट असलेली गाडी अशीच सरळ जाते, म्हणून चालवणाऱ्याला काही कळत नाही.

याउलट सव्वा अंश कॅम्बर आणि टो शून्याजवळ, अशी गाडी हजारो किलोमीटर सुखानं चालते. आतली कड थोडी लवकर झिजते, टायर वेळेवर पुढचे-मागचे केले तर तेही फारसं जाणवत नाही. पण निगेटिव्ह कॅम्बरनं वजन आतल्या कडेवर गेलेलं आणि त्यात टो-आउट, म्हणजे जिथं भार जास्त तिथंच घासणं. भाच्याच्या टायरचं हेच झालं. पुन्हा मोजलं तेव्हा कॅम्बर डावीकडं उणे एक अंश दहा मिनिटं, उजवीकडं उणे एक अंश वीस. आणि टो दोन्ही चाकांना जवळजवळ तीन-तीन मिलिमीटर बाहेर.

झीज बघूनही बरंच कळतं. फक्त एक कड झिजून सपाट आणि बाकी नक्षी शाबूत, हाताला न टोचणारी, तर कॅम्बरकडं बघा. तळहात टायरच्या रुंदीवर आडवा फिरवल्यावर एका दिशेनं मऊ आणि उलट्या दिशेनं करवतीसारखा टोचला, तर टो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत, तर अलाइनमेंटच्या आधी हवा तपासा.

मग स्प्रिंग बसवल्या त्या दिवशी टो हिरवा होता, तो चार महिन्यांत बाहेर कसा गेला?

दोन कारणं, आणि दोन्ही टाळता येण्यासारखी. पहिलं, नव्या स्प्रिंग दोन-तीनशे किलोमीटरात अजून थोड्या बसतात. त्याच दिवशी केलेली अलाइनमेंट ही गाडीच्या अशा उंचीची असते जी आठवड्याभरानं उरत नाही. दुसरं कारण मिस्त्री लोक घाईत विसरतात. लोअर आर्मच्या बुशमध्ये रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पिळतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट फुल टाइट केला, तर रबर त्या लोंबकळत्या स्थितीला धरून बसतं. गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलं राहतं, आर्मला खाली ढकलत राहतं, आणि हळूहळू सैल पडून फाटतं. उंचीही बदलते, टोही. म्हणून बोल्ट आधी हातानं लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढं-मागं थोडी ढकलून बसू द्यायची, आणि मग चाकांवर भार असतानाच शेवटचा पाना मारायचा. रॅम्पवर हे सहज होतं. फक्त सांगावं लागतं, आणि शक्य असेल तर समोर उभं राहावं लागतं.

कापलेल्या स्प्रिंगबद्दल दोनच वाक्यं. ग्राइंडरनं दीड वेढा उडवून गाडी खाली येते खरी, पण कापलेलं टोक बसायच्या वाटीत नीट बसत नाही आणि खड्ड्यात चाक लोंबलं की स्प्रिंग जागा सोडू शकते. गॅसनं तापवून बसवलेली असेल तर पोलादाचं पाणीच गेलेलं असतं, आणि अशा गाडीची अलाइनमेंट म्हणजे वाळूवर मोजपट्टी लावणं.

अलाइनमेंटला जाताना

दोन-तीनशे किलोमीटर चालवून झाले की जा. त्याआधी चारही टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणं एकसारखी करा. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश हलवून बघायला सांगा. ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट मशीनच्या प्लेटवरच खरी असते, दारातून बाहेर पडेपर्यंत गेलेली असते. डिक्कीतलं फालतू सामान काढा, पण म्युझिक सिस्टिमच्या बेसचा मोठा डबा कायम डिक्कीतच असेल तर तो असू द्या, कारण मागची उंची त्याच्यासकट आहे.

मशीन कॅमेऱ्याचं असो की लेझरचं, कामाचा क्रम तोच. चाकांवर क्लॅम्प लावले की गाडी थोडी पुढं-मागं ढकलतात, रिमचा बारीक वाकडेपणा हिशेबातून वगळण्यासाठी. हे टाळलं तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद. मग स्टेअरिंग डावीकडं-उजवीकडं ठरलेल्या अंशांत फिरवून कॅस्टर मोजतात. त्यानंतर मागची चाकं बघायची, पुढची शेवटी.

मागची आधी का? मागची दोन चाकं मिळून गाडी ज्या दिशेला ढकलतात ती गाडीची खरी दिशा. ती गाडीच्या मध्यरेषेपासून तिरकी असेल तर पुढची चाकं त्या तिरक्या दिशेला जुळवावी लागतात, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं धरून जायची पाळी येते. आता गंमत अशी की स्विफ्ट, आय ट्वेंटी, पोलो अशा गाड्यांना मागं टॉर्शन बीम असतो. दोन्ही चाकं एका आडव्या तुळईला जोडलेली. तिथं टो-कॅम्बरला बोल्टच नसतो. पण दिलाशाची गोष्ट ही की गाडी खाली घेतल्यानं बीमचे आकडे फारसे हलत नाहीत. मागचा आकडा फारच लाल दिसला, तर लोअरिंगला दोष देऊ नका. कुठंतरी खड्ड्यात किंवा फुटपाथच्या कडेला बीम नाहीतर चाक बसतं तो स्टब वाकलाय. थोडाच फरक असेल तर स्टब आणि बीमच्या मधे पाचरीसारखी शिम घालून तो काढता येतो. मल्टिलिंक सस्पेन्शनच्या, म्हणजे मागच्या प्रत्येक चाकाला वेगवेगळे आर्म असलेल्या गाड्यांत मात्र मागचा कॅम्बर चांगलाच वाढतो, पण तिथं सहसा निदान टोला ॲडजस्टमेंट असते, आणि कॅम्बरसाठी बदलते आर्म मिळतात.

पुढं टो जुळवताना टाय रॉडचा चेक नट सैल करून रॉड फिरवतात. रॉड फिरवण्याआधी रॅकच्या रबरी बुटाची क्लिप सैल केली का, एवढं बघा. नाहीतर बूट पिळून फाटतो आणि रॅकमध्ये सांगलीची काळी माती जाते. दोन्ही बाजूंचे रॉड सारखे फिरवायचे असतात. एकाच बाजूनं सगळी कसर काढली तर एकूण टो बरोबर येतो, टायरही वाचतात, पण सरळ जाताना स्टेअरिंग वाकडं दिसतं. पुष्कळ लोक वाकडं स्टेअरिंग बघून घाबरतात आणि बाहेर फाकलेल्या टोकडं दुर्लक्ष करतात. प्राधान्य उलटं हवं. ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा असलेल्या गाडीत स्टेअरिंगचा मध्य सेन्सरलाही कळवावा लागतो, स्कॅनर लावून.

कॅम्बरचं काय? बऱ्याच स्ट्रटच्या गाड्यांत कंपनीची ॲडजस्टमेंट नसते, हे मिस्त्रीचं म्हणणं खरं. पण उपाय नाही असं नाही. स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टपैकी एका जागी लंबगोल कडीचा कॅम्बर बोल्ट बसवता येतो. तो फिरवला की चाक एक-दीड अंशापर्यंत आत-बाहेर झुकतं. वर स्ट्रटच्या टोकाला कॅम्बर प्लेट हा दुसरा, महागडा रस्ता, आणि रोजच्या गाडीत तो रस्त्याचा प्रत्येक खडा कानात सांगतो. माझं मत विचाराल तर दीड अंशाच्या आत निगेटिव्ह असेल, डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा कमी फरक असेल, तर कॅम्बर बोल्टचे पैसे टायरसाठी ठेवा. फरक अर्ध्या अंशाच्या वर गेला की बोल्ट घ्या, कारण मग गाडी एका बाजूला ओढायला लागते.

कॅम्बर बोल्ट फिरवला की टो पुन्हा हलतो. आधी कॅम्बर, मग टो, हा क्रम उलटा झाला तर सगळं परत.

रिपोर्ट वाचताना एक सापळा आहे. काही मशीन अंश-मिनिटांत लिहितात, काही दशांशात. एका अंशात ६० मिनिटं, त्यामुळं ०°३०' म्हणजे अर्धा अंश, आणि ०.३० म्हणजे फक्त १८ मिनिटं. व्हॉट्सॲपवर एकमेकांचे आकडे जुळवताना ही गल्लत नेहमी होते. रिपोर्टवर काम करण्याआधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे मागा. नुसतं "ओके" लिहिलेला कागद बिलाला पिनप करायच्या लायकीचा.

घरी पडताळायचं असेल तर मशीनची गरज नाही. सपाट फरशीवर गाडी सरळ उभी करा. दोन्ही पुढच्या टायरवर मागच्या बाजूला, जमेल तेवढ्या वर, नक्षीच्या एकाच खाचेत खडूनं खूण करा. दोघांनी टेप धरून दोन खुणांमधलं अंतर मोजा. आता गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याएवढी, साधारण मीटरभर, पुढं ढकला म्हणजे त्याच खुणा तितक्याच उंचीवर पुढं येतील, आणि पुन्हा मोजा. पुढचं अंतर कमी तर टो-इन, जास्त तर टो-आउट. हा दोन्ही चाकांचा मिळून टो. खूण तीच असल्यामुळं रिम थोडी वाकडी असली तरी मोजमाप चुकत नाही. मी भाच्याकडून हे आमच्या अंगणात करून घेतलं, पाच मिलिमीटरच्या वर फरक आला, आणि मशीनवर जायच्या आधीच त्याचा कॅम्बरवरचा राग निवळला.

अलाइनमेंटनंही न सुटणारं

सगळे आकडे बरोबर येऊनही गाडी खड्ड्यात गेल्यावर स्टेअरिंगला हिसका बसत असेल, तर ते बंप स्टिअर. टाय रॉड आणि लोअर आर्मचे गोल आता जुळत नाहीत, म्हणून चाक वर-खाली होताना प्रत्येक वेळी थोडं वळतं. मशीन गाडी उभी असताना मोजतं, हे त्याला दिसत नाही. आपल्या भागात काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, वर डांबराच्या लाटा येतात. त्यात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या. अशा रस्त्यावर बंप स्टिअर फार लवकर कळतो. टाय रॉडचा बाहेरचा सांधा खाली-वर करणारे किट काही गाड्यांना मिळतात. नाही मिळालं तर स्प्रिंग दहा-पंधरा मिलिमीटर कमी उतरणाऱ्या घ्या, खर्चात तेच बसतं.

गाडी एका बाजूला ओढते म्हणून लगेच मशीनवरही जाऊ नका. आपले रस्ते कडेला उतरते असतात, डावीकडं किंचित ओढणं स्वाभाविक. जास्तच ओढत असेल तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावून बघा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे. बाण असलेल्या, एकाच दिशेच्या टायरना ही युक्ती चालत नाही.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. स्प्रिंग घेण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही कळवा. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्या, उंची बदलल्यावर तो जागेवर राहत नाही.

भाच्याच्या गाडीचे बुश आम्ही सोडून चाकांवर भार ठेवून पुन्हा टाइट केले, आठवडाभर मिरज-सांगली फिरू दिली, मग मशीनवर नेली. टो शून्य. कॅम्बर अजूनही लाल आहे आणि आम्ही तो तसाच ठेवलाय. पुढं दोन नवे टायर लागले ते त्यानं स्वतःच्या पगारातून घेतले. आता महिन्यातून एकदा तो स्टेअरिंग वळवून आतल्या कडेवरून तळहात फिरवतो. गाडीची सध्याची तक्रार एकच उरलीय, विश्रामबागेत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला स्पीडब्रेकर. तो तिरकाच चढावा लागतो, आणि मागच्या सीटवर त्याची आई असेल तर तिला तिथं उतरावं लागतं.